गोधडीतला स्टुडिओ

पुण्यात जुन्या गाण्याच्या गप्पा रंगल्या की एक हळहळ हमखास निघते: भास्करबुवा बखले यांचा आवाज आज कुठेही ऐकायला मिळत नाही. १९११ मध्ये त्यांनी पुण्यात भारत गायन समाजाचा पाया घातला, १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकाला चाली दिल्या आणि १९२२ मध्ये ते गेले. ग्रामोफोन कंपनीचा माणूस १९०२ च्या नोव्हेंबरातच कलकत्त्यात उतरून गौहर जानचे गाणे मुद्रित करून गेला होता. म्हणजे बुवांच्या हयातीत वीस वर्षे यंत्र देशात होते. त्यांचे शिष्य बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. बुवांचे मात्र जे काही आहे ते आठवणीत आणि शिष्यांच्या गळ्यात.

आज धायरीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पाचवीतली मुलगी लॅपटॉपवर आपला भूप मुद्रित करते, न आवडल्यास पुसते आणि पुन्हा गाते. त्या बटणाशी पोहोचायला या शहराला शंभर वर्षे लागली. त्यातला शेवटचा टप्पा, म्हणजे परवडणारे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, जेमतेम पंचवीस वर्षांचा आहे.

तबकडीच्या काळात यंत्र कंपनीचे, वेळ कंपनीची आणि गाण्याची लांबीही कंपनीचीच. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटे मावत. ज्याला तासभर ख्याल मांडायची सवय, त्याने बंदिश, चार आलाप, दोन ताना आणि समेवर येऊन थांबणे एवढे सगळे तीन मिनिटांत बसवायचे. माईक नव्हता, कर्णा होता. गायकाने तोंड कर्ण्याशी न्यायचे, सारंगीने जरा मागे सरकायचे, तबला आणखी मागे. कोणी कुठे बसायचे, एवढेच काय ते मिक्सिंग. १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघेपर्यंत मेणाच्या मूळ तबकड्या छापायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिराला गाणारी कोण ते कळावे म्हणून गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव पुकारी. आज ऐकताना त्या पुकाराची गंमत वाटते. एका अर्थी तो पार्सलवरचा पत्ताच होता.

१९२५ नंतर विजेवर चालणारा माईक आला आणि कर्णा अडगळीत गेला. पुण्याच्या हद्दीत ध्वनिमुद्रणाची मोठी यंत्रणा आली ती १९३३ मध्ये, प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापूरहून मुक्काम हलवला तेव्हा. कंपनीचे एक भागीदार विष्णुपंत दामले ध्वनीची बाजू सांभाळत. तेव्हा बोलपटाचा आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशाने उमटवला जाई. गाणे झाले तरी ते कसे उतरले हे फिल्म धुऊन निघेपर्यंत कळायचे नाही. ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘माणूस’ या चित्रपटांचे आवाज असे पकडलेले आहेत. लावण्यांच्या तबकड्यांनी गाजलेल्या सुंदराबाई जाधव ‘माणूस’मध्ये नायकाच्या आईच्या भूमिकेत दिसतात आणि ऐकूही येतात. त्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. ‘स्लमडॉग मिलेनिअर’साठी ऑस्कर मिळवणारे ध्वनिसंयोजक रसूल पुकुट्टी तिथलेच विद्यार्थी. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्या फाटकाच्या आत देशातले उत्तम ध्वनितंत्र शिकवले जात होते. बाहेरच्या पुणेकराला मात्र आपले गाणे मुद्रित करायचे तर फाटक उघडे नव्हते.

दुसरे फाटक आकाशवाणीचे. पुणे केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९५३ रोजी. दीड वर्षाने, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला, केंद्राच्या सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ‘गीतरामायण’ सुरू झाले. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांच्या चाली, वर्षभरात ५६ गीते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे आवाज आणि साथीला प्रभाकर जोगांचे व्हायोलिन. पहिल्याच गीताचा कागद हरवला आणि ऐनवेळी माडगूळकरांना ते पुन्हा लिहायला बसवले, ही आठवण अजून सांगितली जाते. हुकमी स्टुडिओ, ठरलेला वार आणि टळू न शकणारी प्रक्षेपणाची वेळ यांचा तो परिणाम होता. घरच्या लॅपटॉपवर कोणाला असे कोंडून घालता येत नाही आणि घरच्या स्टुडिओतली कितीतरी गाणी म्हणूनच अर्धवट पडून आहेत, असे म्हटले तर फार चूक होणार नाही. जाता जाता सांगायला हवे, की त्या वर्षी आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. १९४० मध्ये घातलेली ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. ज्या शहरात गल्लोगल्ली पेटी वाजते तिथल्या केंद्रावर पेटी नाही, कारण यंत्राच्या मालकाला ती पसंत नव्हती.

घरच्या ध्वनिमुद्रणाचा खरा आरंभ स्पूलपासून धरायला हवा. युरोपातून कोणी ग्रुंडिगसारखा टेपरेकॉर्डर आणला की त्या घराला मैफलींची आमंत्रणे वाढत. सुटकेसएवढे धूड, दोन चकऱ्या आणि एक माईक. सात इंची चकरीवर १२०० फूट टेप बसे. ताशी नव्हे, सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ती ३२ मिनिटांत संपायची. वेग निम्मा केला तर ६४ मिनिटे मिळत, पण आवाजाची धार जाई. टेप महाग, ख्याल लांब. बहुतेक रसिकांनी निम्मा वेग निवडला. आज खासगी मैफलींची जी मुद्रणे हातोहात फिरतात, त्यांतल्या कित्येकांत तंबोऱ्याची जवारी थोडी बोथट ऐकू येते ती यामुळे. तंबोऱ्याजवळ बसून डोळे चकरीवर आणि कान गाण्यावर ठेवणारा तो गृहस्थ ना तंत्रज्ञ होता ना कलावंत. बँकेत किंवा मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करणारा कोणीतरी. त्याने मांडवातल्या खोकल्यांसकट जे टिपले, ते कोणत्याही कंपनीच्या यादीत नव्हते.

कॅसेट फिलिप्सने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात दाखवली. इथे तिचे राज्य आले ऐंशीच्या दशकात. साठ मिनिटांची आणि नव्वद मिनिटांची. म्हणजे ख्याल पंचेचाळीस मिनिटांत आटोपला तर ठीक, नाहीतर द्रुत ऐन भरात असताना खट्कन बाजू संपायची. कर्वे रस्त्यावर सुरेश अलूरकर यांच्या अलूरकर म्युझिक हाऊसने याच कॅसेटवर शास्त्रीय संगीताचा संसार उभा केला. मोठ्या कंपनीला जे गाणे खपेल याची खात्री नव्हती, ते पुण्यातले एक दुकान काढू लागले. ध्वनिमुद्रणातली मक्तेदारी पहिल्यांदा सैल झाली ती तिथे.

कॅसेटचे दुसरे गिऱ्हाईक म्हणजे एकांकिका करणारी मुले. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासूनची, फिरोदिया करंडक १९७४ पासूनचा. तालमींच्या त्या दिवसांत प्रत्येक कॉलेजात एक ‘म्युझिकवाला’ असे. प्रत्येक प्रसंगाचे पार्श्वसंगीत वेगळ्या कॅसेटवर, कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून नेमक्या जागी फिरवून ठेवलेले, वर चिकटपट्टीवर आकडा. भरत नाट्य मंदिराच्या विंगेत दोन डेक मांडून एक संपायच्या आत दुसरा सुरू करायचा. दोन डेक जोडून एकावरचे दुसऱ्यावर उतरवत, त्यात नवा आवाज मिसळत त्यांनी थरावर थर चढवले. प्रत्येक थरागणिक हिस वाढे. चार ट्रॅक स्वतंत्र घेणारे टॅस्कॅमचे पोर्टास्टुडिओ १९७९ पासून परदेशात मिळत होते. ते इथे दिसले तर कोणाच्या तरी अमेरिकेतल्या मामाकडून. म्युझिकवाल्या मुलांनी ते यंत्र न पाहताच त्याची गरज पुरती ओळखली होती. पुढे संगणक आला तेव्हा सर्वांत आधी तेच त्याच्यापुढे जाऊन बसले.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस असेंबल केलेला पेंटियम, त्यात साउंड ब्लास्टर कार्ड आणि टापकीर गल्लीतून आणलेल्या वायरी व पिना, एवढा सरंजाम असे. पासोड्या विठोबाजवळच्या त्या गल्लीत कोणती वायर कोणत्या पिनेला बसेल हे दुकानदार पुस्तकी पंडितापेक्षा नेमके सांगत. संगणकावर काय टाकायचे याला उत्तरे थोडी होती. एकाच आवाजाची कापाकापी करायची तर कूल एडिट. थर रचायचे तर केकवॉक. १९८७ मध्ये आलेला केकवॉक आधी फक्त कीबोर्डचे सूर नोंदवायचा, १९९५ पासून तो आवाजही घेऊ लागला. हिशेब मात्र कटकटीचा होता. सीडीच्या दर्जाचा एक ट्रॅक मिनिटाला सव्वापाच मेगाबाइट खातो. आठ ट्रॅकांचे पाच मिनिटांचे गाणे म्हणजे दोनशे मेगाबाइटवर. चार जीबीची डिस्क अठरा-एकोणीस गाण्यांत भरणार, तीही विंडोज काढून टाकले तर! त्यामुळे फसलेला टेक ताबडतोब पुसत. स्पूलवाल्या काकांची काटकसर नव्या यंत्रातही शिल्लक होती.

मग हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीचे क्यूबेस आणि २००० साली आलेले नुएंडो इथल्या स्टुडिओंत पसरले. कोणते सॉफ्टवेअर चांगले, यावर तासन्‌तास वाद होत. निवड मात्र क्वचितच त्या वादातून ठरे. ती ठरे ओळखीवरून. ज्या दादाच्या स्टुडिओत जाऊन बसायचे, त्याच्याकडे जे असेल ते.

“नुएंडोच टाक. अडलास तर मला फोन करशील. दुसरं काही घेतलंस तर मी काय सांगणार?”

या एका वाक्यापुढे वैशिष्ट्यांचे सगळे तक्ते फिके पडत. घराण्याची तालीम जशी गुरूच्या खोलीत बसून होते, तसेच हे. क्यूबेसवाला, केकवॉकवाला आणि पुढे लॉजिकवाला यांच्या हाताच्या सवयी वेगळ्या, शॉर्टकट वेगळे आणि एकमेकांविषयीची तुच्छताही घराण्याला साजेशी.

त्या काळातले एक गुपित सर्वांना ठाऊक होते. बहुतेक घरांतली प्रत विकत घेतलेली नव्हती. राईट केलेली सीडी हातोहात फिरे, तिच्यावर स्केचपेनने नाव आणि कव्हरात चिठ्ठीवर आकडे. परवान्याची किंमत डॉलरमध्ये, इथल्या तबलजीच्या कित्येक महिन्यांच्या शिकवण्यांएवढी. कारण समजण्यासारखे आहे. पण त्या सीडीची किंमतही मोजावी लागत होतीच. ऐन मिक्सच्या रात्री प्रोग्रॅम बंद पडे. दुसऱ्याच्या मशीनवर फाइल उघडली की निम्मे प्लगइन गायब. मदत मागायची तर कंपनीला लिहिता येत नसे. चोरीच्या मालाची ही कुचंबणा आणि २००५-०६ चे भारनियमन अशी दुहेरी टांगती तलवार असे. ‘सेव्ह’ न करता सलग दहा मिनिटे काम करणाऱ्याला धाडसी म्हणावे असे ते दिवस. २००६ मध्ये उद्योगांच्या जनित्रांची वीज वळवून पुणे भारनियमनमुक्त करण्याची योजना लागू झाली. तिचे कौतुक कारखानदारांनी केले. घरच्या स्टुडिओवाल्यांनीही मनातल्या मनात केले असणार.

सॉफ्टवेअर परवडू लागले ते याच सुमारास आणि तेही तीन दिशांनी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी सुरू केलेली ऑडॅसिटी २००० साली फुकट उपलब्ध झाली. २००४ मध्ये ॲपलने गॅरेजबँड आणला, मॅक घेणाऱ्याला तो आपोआप मिळे. आणि २००५ च्या डिसेंबरात विनॅम्पचा कर्ता जस्टिन फ्रँकेल याने रीपर बाहेर काढला. ज्याच्या विनॅम्पवर पुण्यातल्या हॉस्टेलांनी एमपीथ्री ऐकल्या, त्यानेच आता मुद्रणाची सोय केली. रीपरची व्यक्ती आणि लहान व्यावसायिकांसाठीची किंमत ६० डॉलर, आजच्या दराने पाच-साडेपाच हजार रुपये. साठ दिवस सगळे काही उघडे वापरून पाहायचे. नंतरही तो कुलूप लावत नाही, फक्त दर वेळी परवान्याची आठवण करून देतो. उतरवून घ्यायला वीस मेगाबाइटही लागत नाहीत, ही गोष्ट संथ इंटरनेटच्या काळात फार मोलाची होती.

केकवॉकची कथा जरा नाट्यमय आहे. २००१ मध्ये त्याचे नाव सोनार झाले. मराठी कानाला ते सोनार आळीतले वाटावे हा योगायोग. २०१३ मध्ये गिटारवाल्या गिब्सनने ती कंपनी घेतली आणि २०१७ च्या नोव्हेंबरात कामच थांबवले. वर्षानुवर्षे पैसे भरून ते वापरणारे हवालदिल झाले. तीन महिन्यांत सिंगापूरच्या बँडलॅबने सगळे विकत घेऊन २०१८ मध्ये ते चक्क फुकट वाटले. ज्यांनी कधीकाळी त्याचीच राईट केलेली सीडी वापरली होती, त्यांना पहिल्यांदा खरी प्रत मिळाली. पुढे ते पुन्हा सोनार नावाने आले.

आज नवख्याने काय घ्यावे याचे उत्तर त्याला काय गायचे-वाजवायचे आहे यावर ठरते. अभिवाचन, कीर्तन किंवा एकट्याचा रियाझ असेल तर ऑडॅसिटी पुरते. तिथे पैसे घालणे म्हणजे भाजी चिरायला तलवार. घरात मॅक किंवा आयफोन असेल तर गॅरेजबँड आधी उघडून पाहावा. ठोक्यांवर ठोके रचून गाणे घडवणाऱ्यांची ओढ एफएल स्टुडिओकडे असते. १९९७ मध्ये फ्रूटीलूप्स म्हणून जन्मलेल्या या सॉफ्टवेअरची एकदा घेतलेली प्रत पुढे आयुष्यभर फुकट अद्ययावत होते. मात्र त्याच्या विनामूल्य प्रतीत जपून ठेवलेले काम पुन्हा उघडता येत नाही, हे आधी ठाऊक असलेले बरे. भावगीत, अभंग, नाट्यगीत, म्हणजे गळा, पेटी, तबला, तानपुरा आणि बासरी असा पाच-सात ट्रॅकांचा खेळ असेल तर रीपरएवढा स्वस्त आणि काटक सोबती दुसरा दिसत नाही. दिसायला तो रूक्ष आहे. पण तंबोऱ्याच्या गवसणीचा रंग कोण पाहतो?

खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. हेडफोनमध्ये तबला ऐकत गाताना स्वतःचा आवाज मागाहून येतो. संगणक आवाज तुकड्या-तुकड्यांनी हाताळतो. तुकडा १०२४ नमुन्यांचा ठेवला तर जाताना तेवीस आणि येताना तेवीस, असा सेहेचाळीस सहस्रांश सेकंदांचा उशीर होतो. आकडा फुटकळ वाटतो. पण मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २५० सहस्रांशांची, म्हणजे मात्रेचा जवळपास पाचवा हिस्सा गेला. सम हुकते आणि गाणारा उगाच स्वतःला दोष देतो. तुकडा १२८ वर आणला की हा उशीर कानाला जाणवत नाही. बाहेरून जोडायचे छोटे दोन माइकांचे कार्ड असेल तर ते काम हलके होते. २०११ मध्ये आलेल्या फोकसराइटच्या लाल डबीने घरोघरी हीच सोय केली. सॉफ्टवेअरवर वाद घालण्यात घालवलेल्या वेळेतला थोडा या एका आकड्यावर घालवला असता, तर कित्येक गाणी वाचली असती.

लयीचेही तसेच. या सगळ्या प्रोग्रॅमांची पाटी चार-चारच्या चौकटींची आखलेली येते. भजनी ठेका तिच्यात बिनतक्रार बसतो. रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रांना चौकट बदलावी लागते, तेही जमते. पण नाट्यपदात गाणारा ओळीच्या शेवटी जो किंचित रेंगाळतो, तिथे पाटी आणि गळा यांचे भांडण होते. जाणते लोक मात्रा मोजणारी टकटक बंद करतात, आधी तबल्यासह एक कच्चा टेक सलग घेतात आणि बाकीचे त्याच्यावर चढवतात. दामल्यांच्या काळातही सगळे एकत्रच बसत होते.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत हे सगळे एकदम कामाला लागले. गायक सिंहगड रस्त्याला, तबलजी औंधला, व्हायोलिनवाला मिरजेला. प्रत्येकाने आपला ट्रॅक घरून पाठवायचा. आवाज कोरडा हवा म्हणून कपाटाचे दार उघडून लोंबत्या शर्टांकडे तोंड करून गाणी झाली. कोणी पलंगावर दोन खुर्च्या उभ्या करून त्यांवर आजीची गोधडी टाकली आणि आत शिरून अंतरा गायला. मे महिन्यात, पंखा बंद करून. शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की टेक सुरू करायचा. गणपतीच्या आधीच्या महिन्यांत नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव असतो, तेव्हा रात्री अकराच्या आत माईक लावण्यात अर्थ नसतो. गोधडीची ही युक्ती अजून चालू आहे; सुती जुनी गोधडी विकतच्या फोमपेक्षा बरी, असे मानणारा एक पंथच तयार झाला आहे.

आणि या फुकटच्या सॉफ्टवेअरला पुण्यात एक जास्तीचे काम लागले आहे. वाडे पाडून इमारती उठतात तेव्हा माळ्यावरचे खोके खाली येतात. त्यांत स्पूल निघतात, डब्यावर शाईने तारीख आणि रागाचे नाव. कोणाचा तरी चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर शोधायचा, हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचे, वायर संगणकाला लावायची, ऑडॅसिटी उघडायची आणि लाल बटण दाबायचे. इथे घाई चालत नाही. ६४ मिनिटांच्या टेपला ६४ मिनिटेच लागतात. पडद्यावर निळी रेघ सरकत जाते. आधी खुर्च्या ओढल्याचे आवाज, मग तबल्यावर हातोडी, कोणीतरी चहाचे विचारते, तंबोरे जुळतात. पुढे बराच वेळ रेघ जाडसर, शांत. बैठक चढत जाते, द्रुत सुरू होते, पडद्यावर रेघेची दाट झुडपे उगवू लागतात. आणि एका तानेच्या मध्यावर टेप संपते.